कोरडी भिंत

श्रावणातली तीन आठवड्यांची झड थांबून उघडीप पडली, त्या सकाळी कामिनी फिरके स्टेडियमच्या नदीकडच्या भिंतीखालून चालत निघाली आणि अर्ध्यातच थबकली. भिंत कोरडी होती. ठणठणीत कोरडी. आतल्या पाण्याचा निचरा व्हावा म्हणून भिंतीमागे सुट्या खडीचा थर आणि भिंतीत एकशे वीस भोकं ठेवलेली होती, साइटवर सगळे त्यांना वीप होल म्हणत. त्यांतल्या एकातूनही थेंब पडत नव्हता. तिने एका भोकात बोट घातलं. बोटाला पांढरी भुकटी लागली, बाकी काही नाही.

"काय सुंदर उतरलीय, नाही?" मागून आवाज आला. प्रकल्पाचे संचालक अविनाश चंद्रात्रे फोटोग्राफरला घेऊन आले होते. "इतका पाऊस झाला, एक तडा नाही, एक ओल नाही."

"ओल असायला हवी होती, सर," कामिनी म्हणाली.

चंद्रात्रे हसले. "फिरके मॅडम, तुम्हाला भिंत गळली तरी काळजी आणि नाही गळली तरी काळजी."

त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. कामिनी स्टेडियमच्या गुणवत्ता विभागाची प्रमुख इंजिनियर होती आणि संशय घेणं हेच तिचं काम होतं. गेली दोन वर्षं तिने या बांधकामातल्या प्रत्येक खांबावर संशय घेतला होता. पण आजचा संशय वेगळा होता. मागच्या पावसाळ्यात याच भोकांतून नळासारख्या धारा लागल्या होत्या. मग यंदाचं पाणी गेलं कुठं?

अंजनपूर हे तापीच्या दक्षिण काठावरचं केळीच्या बागांमधलं शहर. तिथल्या एका शाळेतल्या बाईंनी कधीकाळी मुलींना सॉफ्टबॉल शिकवला, त्या मुलींच्या मुलींनी बेसबॉल उचलला, आणि देशात लीग सुरू झाली तेव्हा खान्देशच्या महिला टीममध्ये अकरा जणी एकट्या अंजनपूरच्या निघाल्या. त्यांच्यासाठी हे बावीस हजार खुर्च्यांचं स्टेडियम नदीकाठी उभं राहत होतं. मावळतीचं ऊन बॅटरच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून मैदानाचं तोंड ईशान्येला ठेवलं होतं, त्यामुळे लेफ्ट फिल्डची, म्हणजे बॅटरच्या डाव्या हाताची, बाजू बरोब्बर नदीवर आली. तीन बाजूंना स्टँड उंच चढत गेलेले, आणि नदीकडे मात्र एकच बुटका स्टँड, म्हणजे सगळ्यांना तापी दिसावी. लांब मारलेला चेंडू त्या स्टँडवरून थेट नदीत पडावा, ही आर्किटेक्टची हौस होती.

पुराच्या पातळीच्या वर राहावं म्हणून सगळं मैदान नऊ मीटर भराव घालून उचललं होतं. तो भराव, त्यावरचं गवत, बुटका स्टँड आणि त्यात बसणारे चार हजार लोक या सगळ्यांना नदीत जाण्यापासून अडवत होती ही एक भिंत.

भिंत साध्या काँक्रीटची नव्हती. काँक्रीट कितीही जीव ओतून केलं तरी त्याला केसाएवढे तडे जातातच. तड्यातून पाणी शिरतं, आतली सळई गंजते, गंजली की फुगते आणि आतूनच काँक्रीट फोडते. यावर डॉ. रियाज तडवी या शास्त्रज्ञाने लोणारच्या सरोवरात इलाज शोधला होता. तिथल्या खाऱ्या, अंगाची आग करणाऱ्या पाण्यात काही जिवाणू मजेत जगतात. काँक्रीटच्या पोटातही तसंच दाहक वातावरण असतं. तडवींनी ते जिवाणू सुकवून, त्यांच्या खाद्यासकट काँक्रीटमध्ये मिसळले. तडा जाईपर्यंत ते झोपून राहत. तडा गेला, पाणी आलं, की जागे होत आणि चुनखडी तयार करून तीन आठवड्यांत तडा बुजवून टाकत. हे काँक्रीट विकणाऱ्या कंपनीने याला भारदस्त नाव दिलं होतं, पण साइटवरचे मजूर म्हणत, जितं काँक्रीट.

भिंतीमागच्या भरावात पाणी किती साचलंय ते कळावं म्हणून स्टँडखालच्या बोळात दहा पाइप खोलवर उतरवले होते. दर मंगळवारी त्यांत टेप सोडायची. टोकाला पाणी लागलं की टेप वाजते, पाणी पाइपाच्या तोंडापासून किती खोल आहे तो आकडा लिहायचा. पाइपांत सेन्सरही होते, पण ते दर आठवड्याला हाताने घेतलेल्या आकड्याशीच जुळवून घेतले जात. आणि हाताने आकडा घेत दिगंबर सपकाळे.

कामिनी केबिनमध्ये आली आणि तिने सपकाळेंची नोंदवही उघडली. पाइप चार: सहा मीटर चाळीस. मागचा मंगळवार: सहा चाळीस. त्यामागचा: सहा चाळीस. असे नऊ आठवडे. पाच, सहा आणि सात नंबरचीही तीच गत. कोरडा जून गेला, जुलै गेला, तीन आठवड्यांची झड गेली, आणि पाणी सेंटिमीटरभरही हललं नव्हतं. शेऱ्याच्या रकान्यात दोन ठिकाणी लिहिलं होतं, "पाइप ४ व ५ ला मुताचा वास येतो." तो शेरा तिने आधी पाहिला होता आणि बोळाला कुलूप लावायला सांगितलं होतं.

तिने वही मिटली.

सपकाळे साइटचे सुपरवायझर. वय अठ्ठावन्न, तापीकाठच्या कोळीवाड्यातले. चौदा वर्षं आणि तीन पूल दोघांनी बरोबर केले होते. हातोडीने काँक्रीट वाजवून आतला पोकळपणा ओळखायला कामिनीला त्यांनीच शिकवलं होतं. तिचे वडील गेले तेव्हा तेराव्यापर्यंत त्यांनी एकट्याने साइट ओढली होती. ते तिला ताई म्हणत. पण मे महिन्यात त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, आणि बोळात उतरायला शेहेचाळीस पायऱ्या होत्या.

दुपारी तिने त्यांना विचारलं, "दिगंबरभाऊ, पाइपांचे आकडे कोण घेतं?"

"मीच. दुसरं कोण घेणार?"

"खाली उतरून?"

सपकाळेंनी तिच्याकडे पाहिलं. "नाहीतर काय वरून, ताई?"

"नऊ आठवडे सहा चाळीस. इतक्या पावसात?"

"टेप जिथं वाजते तिथं मी बोट धरतो. ती सहा चाळीसला वाजते. मलाही नवल वाटतं."

"नवल वाटलं तर बोलला का नाहीत?"

"आकडा चांगला आला तर कोण बोलतं?" असं म्हणून ते उठले आणि लंगडत बाहेर गेले. ते लंगडणं कामिनीच्या डोळ्यांत रुतून बसलं. शेहेचाळीस पायऱ्या, दर मंगळवारी, या गुडघ्याने? माणूस वरच्या केबिनमध्ये चहा घेत मागचाच आकडा पुढे ओढत असेल तर त्याला दोष तरी किती द्यायचा? पण चार हजार लोक त्या भिंतीवर बसणार होते.

दोन दिवस तिने विचार केला. स्वतः खाली जाऊन टेप सोडावी, हा विचार तिच्या मनात आला होता. पण मग सपकाळेंना कळलं असतं की आपल्यावर पाळत आहे, आणि ते तिला नको होतं. म्हणून तिने पत्र लिहिलं. "सदर नोंदी प्रत्यक्ष मोजणी न करता भरल्या जात असाव्यात, असा माझा संशय आहे." त्या वाक्यात कुणाचं नाव नव्हतं. पण नोंदी एकच माणूस करत होता, त्यामुळे नावाची गरजही नव्हती.

चंद्रात्रेंनी पत्र वाचलं आणि त्यांचा चेहरा कसा खुलला ते कामिनीच्या तेव्हा लक्षात आलं नाही. भिंत कोरडी का, या प्रश्नाला त्यांना एका माणसाचं उत्तर मिळालं होतं. सपकाळेंकडे लेखी खुलासा मागितला गेला. त्यांनी चार ओळींचा खुलासा दिला, "मी खाली उतरून मोजतो. आकडे खरे आहेत." तिसऱ्या दिवशी त्यांना घरी बसवलं. जाताना ते कामिनीच्या केबिनपाशी थांबले, आत आले नाहीत. दारातूनच म्हणाले, "येतो, म्याडम."

चौदा वर्षांत त्यांनी तिला पहिल्यांदा म्याडम म्हटलं होतं.

पुढच्या मंगळवारी नव्याने आलेला तरुण इंजिनियर बोळात उतरला. धडधाकट गुडघे, नवी कोरी टेप. अर्ध्या तासाने वर येऊन त्याने कागद कामिनीपुढे ठेवला. पाइप चार: सहा मीटर चाळीस.

"तू स्वतः मोजलंस?" तिने विचारलं.

"हो मॅडम. दोनदा."

कामिनी स्वतः खाली गेली. बोळात थंड, कोंदट हवा होती. तिने टेप सोडली. सहा चाळीसला ती वाजली. पाचव्या पाइपात सोडली, तिथंही सहा चाळीस. मग धावत वर येऊन चंद्रात्रेंना फोन केला.

"बघा, म्हणजे आता आकडे खरे आहेत," ते म्हणाले. "प्रश्न मिटला."

"सर, आता खरे असतील तर तेव्हाही खरेच होते!"

"मग अजूनच चांगलं. पाणी खाली आहे आणि भिंत कोरडी आहे. तुम्हाला नक्की हवंय काय?"

आणि नेमका त्याच आठवड्यात तापीला पूर आला.

पाणी आठ दिवस भिंतीच्या छातीएवढं चढून राहिलं. शहरातले लोक रोज पुलावरून बघायला येत. भिंत जागची हलली नाही. वर्तमानपत्रात तिचा फोटो आला. नवव्या दिवशी वरच्या धरणाचे दरवाजे बंद झाले, नदी झरझर उतरायला लागली आणि चंद्रात्रेंनी जाहीर केलं की ठरल्याप्रमाणे रविवारी उद्घाटनाचा सामना होणार. पूर गेला, धोका गेला, असंच सगळ्यांना वाटत होतं. कामिनीची मात्र आता झोप उडाली. पूर असतो तेव्हा नदी बाहेरून भिंतीला रेटा देते, मागचं पाणी आतून देतं, आणि दोन्ही रेटे एकमेकांना तोलून धरतात. नदी उतरली की बाहेरचा हात निघून जातो. आतलं पाणी तितक्याच वेगाने निघालं नाही तर भिंत नदीकडे ढकलली जाते. आत पाणी किती आहे, हे सांगणारे पाइप एकच आकडा धरून बसले होते.

गुरुवारी सकाळी ती कोळीवाड्यात गेली. सपकाळेंच्या सुनेने दार उघडलं.

"बाबा घरी नाहीत," ती म्हणाली. आतून सपकाळेंच्या खोकल्याचा आवाज आला. सुनेने नजर वळवली नाही.

"मी थांबते," कामिनी म्हणाली आणि ओट्यावर बसली.

पंधरा मिनिटांनी सपकाळे बाहेर आले. सुनेच्या हातून त्यांनी तिला पाणी दिलं. स्वतः उभेच राहिले.

"नवीन साहेबांना किती आलं?" त्यांनी विचारलं.

"सहा चाळीस."

"मग त्यांचंही पत्र लिहिलं का?"

कामिनीने पाण्याचा पेला खाली ठेवला. "भाऊ, माझं चुकलं. पण आज मी माफी मागायला नाही आले. भिंत मला खोटी वाटतेय, आणि का ते मला कळत नाहीये. रविवारी लोक बसणार आहेत तिथं."

सपकाळेंनी नदीकडे पाहिलं. पाणी उतरलेल्या काठावर चिखलाच्या ओळी उमटल्या होत्या. मग ते तिच्याकडे न बघताच बोलू लागले.

"माझ्या आज्याची विहीर होती काठावर. दर दोन-तीन वर्षांनी गाळ बसून तिचा झरा आंधळा व्हायचा. वरून पाणी दिसायचं, पण ते साचलेलं. मग आजा काय करायचा, वरून चार बादल्या पाणी ओतायचा. झरा जिता असेल तर ओतलेलं पाणी निघून जातं, विहीर आपल्या जागेवर येते. आंधळा असेल तर ते तिथंच उभं राहतं. तुमच्या पाइपात एक बादली ओतून बघा."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"मला कुणी विचारलं होतं?" आता त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "माझ्याकडे खुलासा मागितला होता, म्याडम. खुलाशात बादली लिहितात का?"

तासाभराने कामिनी बोळात होती. चार नंबरच्या पाइपात तिने पाणी ओतलं. टेप दोन मीटरवर वाजली. दहा मिनिटांनी पुन्हा सोडली. दोन मीटर. तासाने, दोन मीटर. पाइप तळाशी बंद होता. सहा चाळीसचं पाणी हे आत कोंडलेलं जुनं पाणी होतं, बाहेरच्या जगाशी त्याचा काही संबंध उरला नव्हता. सपकाळेंनी दर मंगळवारी ते इमानेइतबारे मोजलं होतं.

आणि पाइपाच्या तोंडाशी वाकलेली असताना तिलाही तो वास आला. उग्र, नाकात झोंबणारा.

तिने लोणारला डॉ. तडवींना फोन लावला. त्यांनी आधी शांतपणे सगळं ऐकून घेतलं, मग जरा वैतागूनच म्हणाले, "फिरकेबाई, माझे जिवाणू काँक्रीटच्या बाहेर जगत नाहीत. त्यांना खायला काय मिळणार तिथं? पाइपात गाळ बसला असेल."

"गाळाला मुताचा वास येतो का, डॉक्टर?"

"कसला वास म्हणालात?"

"मुताचा. आमच्या सुपरवायझरने जूनपासून वहीत लिहून ठेवलाय."

"तुमच्या भोवती शेती कसली आहे?"

"केळी. सगळीकडे केळी."

"म्हणजे ठिबकमधून युरिया," तडवी म्हणाले आणि त्यांचा आवाज खाली आला. "तो अमोनियाचा वास आहे. आमच्या जिवाणूंना युरिया म्हणजे पंचपक्वान्न. ते युरिया फोडतात, त्यातून अमोनिया सुटतो आणि चुनखडी तयार होते. भिंत ओतताना वाहून गेलेल्या पाण्याबरोबर ते मागच्या खडीत उतरले असणार. तिथं जमिनीतल्या पाण्यातून त्यांना रोज जेवण मिळतंय. ते निचऱ्याची खडी बुजवतायत, भोकं बुजवतायत आणि पाइपांचे तळही. त्यांना तडा आणि गटार यातला फरक कळत नाही, बाई. पाणी वाहतंय अशी जागा दिसली की बुजवायची, एवढंच त्यांना येतं."

"युरियाच्या पाण्यात तुम्ही कधी तपासलं नव्हतं?"

"ती चाचणी माझ्या यादीत होती. छापील अहवालात ती नव्हती."

"कुणी काढली?"

"कंपनीने वेळ नाही म्हणून सांगितलं. पण अहवालावर सही माझी आहे. मी निघतो. उद्या पोचतो."

शुक्रवारी दुपारी कामिनी आणि तडवी चंद्रात्रेंसमोर बसले. चंद्रात्रेंनी सगळं ऐकलं आणि खणातून कामिनीचं पत्र काढून टेबलावर ठेवलं.

"गेल्या महिन्यात तुम्ही लिहून दिलंत की माणूस खोटा आहे. मी त्याला काढलं. आज तुम्ही म्हणता माणूस खरा होता, पाइप खोटे आहेत. पुढच्या आठवड्यात काय म्हणाल?" त्यांचा आवाज चढलेला नव्हता. "बावीस हजार लोक येतायत. तुमच्या संशयावर मी सामना रद्द करू?"

"भिंतीत एक भोक पाडू द्या," कामिनी म्हणाली. "फक्त एक. आत पाणी नसेल तर मी राजीनामा देते."

"उद्घाटनाच्या तोंडावर त्या भिंतीला मी ड्रिल लावू देणार नाही."

शनिवारी सकाळी आठ वाजता तिने परवानगीशिवाय ड्रिल लावलं. भिंतीखालचा नदीकाठचा रस्ता नुकताच पाण्यातून वर आला होता, पायाखाली घोटाभर चिखल होता. कालपासून नदी दोन मीटर उतरली होती. ड्रिलवाला कुरकुरत होता, कागद दाखवा म्हणत होता. कामिनीने त्याला आपलं ओळखपत्र दिलं आणि म्हणाली, "काही झालं तर हे माझं नाव. तुम्ही फक्त सरळ आत जा."

साठ सेंटिमीटर काँक्रीट होतं. ड्रिल ते पार करून गेलं आणि मग पुन्हा अडलं, जिथं सुटी खडी असायला हवी होती तिथं. ड्रिलवाला म्हणाला, "आत अजून एक भिंत आहे, बाई." बाहेर आलेला तुकडा कामिनीने हातात घेतला. खडीचे दगड पांढऱ्या चुनखडीत चिक्कीतल्या शेंगदाण्यांसारखे घट्ट बसले होते. असा हातभर जाडीचा थर होता. तो संपला आणि ड्रिलवाल्याच्या हातातून मशीन मागे फेकलं गेलं.

पाणी बंबासारखं बाहेर आलं. रस्ता ओलांडून, कठड्यावरून, सरळ नदीत. तडवींनी हात पुढे करून ओंजळभर पाणी घेतलं, नाकाशी नेलं आणि झटकून टाकलं. त्यांचा चेहरा उतरला होता.

चंद्रात्रे धावत आले तेव्हा धार तितक्याच जोरात चालू होती. "बंद करा ते!" ते ओरडले.

"कोणाला करता येत असेल तर करा, सर," कामिनी म्हणाली. "भिंतीचा माथा गुरुवारपासून अडतीस मिलिमीटर नदीकडे सरकलाय. मी आत्ता मोजून आले. हे फक्त रिकाम्या स्टँडचं आहे."

चंद्रात्रे भित्रे नव्हते, आणि दुष्टही नव्हते. त्यांनी खिशातून फोन काढला आणि स्वतःच्या तोंडाने सामना पुढे ढकलत असल्याचं सांगितलं. मग ड्रिलवाल्याकडे वळून म्हणाले, "अजून मशीन्स कुठं मिळतील?"

रविवारी संध्याकाळपर्यंत भिंतीत साठ भोकं पडली. तीन दिवस त्यांतून पाणी वाहत होतं. भिंत पडली नाही.

आणि इथंच कामिनीची खरी अडचण सुरू झाली. भिंत पडली असती तर तिचं म्हणणं सगळ्यांना पटलं असतं. ती पडली नाही, त्यामुळे ती पडणार होती यावर कोणाचा विश्वास बसेना. भिंतीला साठ भोकं पाडणारी बाई म्हणून तिचा व्हिडिओ घरोघर फिरला. कोणी म्हणालं, तिला दुसऱ्या शहराने फोडली. कोणी म्हणालं, सिमेंटच्या जुन्या कंपन्यांनी. वाण्याच्या दुकानात तिच्याशी बोलणारी माणसं तिचा चेहरा निरखून बघायला लागली, जसं ती पाइपांकडे बघत असे. टीममधल्या मुली सरावाहून येताना तिला बघून रस्ता बदलत.

दिवाळीच्या तोंडावर चौकशी समिती बसली. निवृत्त मुख्य अभियंता असलेल्या एक बाई अध्यक्ष होत्या. हॉल खच्चून भरला होता. मागच्या रांगेत सपकाळे आणि त्यांची सून बसले होते. तडवींनी गाळलेल्या चाचणीची हकिगत सांगितली आणि सही आपलीच होती हेही सांगितलं. मग कामिनीची पाळी आली. तिने चिक्कीसारखा तो तुकडा टेबलावर ठेवला, मोजमापं सांगितली. अध्यक्षबाई समाधानी दिसल्या.

"अजून काही?" त्यांनी विचारलं.

इथं ती खाली बसू शकली असती. तिच्या वकिलाने तिला तसंच सांगितलं होतं. कामिनीने पिशवीतून आपलं जुनं पत्र काढलं आणि मोठ्याने वाचलं. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत.

"सपकाळे खाली उतरून मोजत होते. वासाची नोंद त्यांनी जूनमध्ये केली होती. ती नोंद मी वाचली होती. ती समजून घेतली असती तर पूर यायच्या आधीच आपल्याला सगळं कळलं असतं. ती चूक त्यांची नाही, माझी आहे."

"तुम्ही स्वतः टेप का सोडली नाहीत?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"पत्र लिहिणं सोपं होतं," कामिनी म्हणाली.

समितीने अहवालात तिचं म्हणणं मान्य केलं आणि ताशेराही ओढला. गुणवत्ता विभागाचं प्रमुखपद तिच्याकडून काढून घेतलं, ती साधी इंजिनियर म्हणून राहिली. स्टेडियम उघडायला परवानगी मिळाली, पण अटींवर. नदीकडचा स्टँड कायमचा रिकामा ठेवायचा. पाइप नव्याने खोदून दर आठवड्याला मोजायचे. आणि भिंतीतली भोकं दर महिन्याला पुन्हा पाडायची, कारण तीन आठवड्यांत ती बोटाएवढीच उरत होती. जिवाणू मारायचं औषध तडवी शोधत होते. सापडेपर्यंत दुसरा उपाय नव्हता.

सपकाळेंना परत बोलावल्याचं पत्र गेलं. ते आले नाहीत. आठवडाभर वाट पाहून कामिनी पुन्हा कोळीवाड्यात गेली. या वेळी सुनेने ते घरी असल्याचं सांगितलं.

"हॉलमध्ये तुम्ही वाचलं ते ऐकलं मी," सपकाळे म्हणाले. "बरं केलं. पण खरं सांगू का? तुमचं ते पत्र घरात आलं तेव्हा तीन आठवडे माझ्याशी कोणी धड बोललं नाही. पोरगा मला विचारत होता, बाबा, खरंच उतरत होतात ना? माझा पोरगा. ते काही मी विसरणार नाही."

"विसरा म्हणत नाही मी."

"मी येईन. माझ्या अटीवर." त्यांनी दोन बोटं वर केली. "आकडा दोघांनी घ्यायचा. वेगवेगळ्या टेपने. मी घेताना तुम्ही पाठ करायची, तुम्ही घेताना मी. कागद लपवून लिहायचा. दहाही पाइप झाले की मग दोन्ही कागद शेजारी ठेवायचे. तुमचा माझ्यावर विश्वास नको आणि माझा तुमच्यावर नको."

"चालेल," कामिनी म्हणाली.

मंगळवारी सकाळी दोघं शेहेचाळीस पायऱ्या उतरले. सपकाळे कठडा धरून, एकेक पायरी. ती दोन पायऱ्या मागे राहिली, त्यांना हात दिला नाही, कारण तो त्यांनी घेतला नसता. वर मैदानावर टीमचा सराव चालू होता, छतावर धप्पधप्प पावलं वाजत होती. दहा पाइप व्हायला सव्वा तास लागला. त्यांच्या पाळीला ती भिंतीकडे तोंड करून उभी राहत होती आणि पाठीमागे त्यांची टेप वाजल्याचा आवाज ऐकत होती.

शेवटी त्यांनी दोन्ही कागद खोक्यावर शेजारी शेजारी ठेवले. नऊ आकडे जुळत होते. सातव्या पाइपात तीन सेंटिमीटरचा फरक होता. तिचा आकडा वरचा होता, त्यांचा खालचा.

मग सपकाळे सातव्या पाइपापाशी गेले, गुडघ्यावर हात ठेवून खाली बसले आणि म्हणाले, "या. या खेपेला पाठ करू नका. दोघं मिळून बघू."

कामिनी त्यांच्या शेजारी चिखलात बसली आणि त्यांनी टेप आत सोडली.